नानांच्या कादंबरीला रेंज नाही

थाप मारायचीच असेल तर ती अर्धी दाढी झालेली असताना मारू नये. एका गालावर साबण, एका हातात रेझर आणि कानाशी सासऱ्यांचा फोन, अशा अवस्थेत माणूस तोंडाला येईल ते बोलून जातो आणि मग ते निस्तरताना त्याच्या नाकी नऊ येतात. तराजूचं नेमकं तसंच झालं.

तराजू हा वजनमापे खात्यातला निरीक्षक. दुकानादुकानांतून हिंडायचं, काटे तपासायचे, वजनं उलटी करून बुडाशी काही चिकटवलंय का ते बघायचं आणि दुकानदाराला घाम फोडायचा, ही त्याची नोकरी. म्हणून अख्खी इमारत त्याला तोंडावर 'साहेब' म्हणायची आणि पाठ फिरली की तराजू. आपण बोलण्यात गुंजभरही कमीजास्त करत नाही, असा त्याचा स्वतःबद्दल ठाम समज होता. तसा तो सगळ्यांचाच असतो म्हणा, पण याच्या समजावर सरकारी शिक्का होता.

त्या रविवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, तुमचं यंत्र बरेच दिवस गप्प आहे. काय भानगड?"

यंत्र म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, शाळेतल्या पाटीपेक्षा जरा लहान. सासरे, म्हणजे नाना, पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि पाठोपाठ नानी गेल्या. घर खायला उठलं, तेव्हा नानांनी कादंबरी लिहायला घेतली. ती छापायला कोणी तयार होईना, म्हणून त्यांनी तिन्ही मुलींना एकेक यंत्र भेट दिलं. दुकानदार म्हणाला, यात दोन प्रकार येतात. एक स्वस्तातलं, ते घरच्या वायफायवर चालतं. दुसरं महागाचं, त्यात मोबाइलसारखं कार्ड आतच बसवलेलं असतं आणि ते कुठेही असलं तरी पुस्तक आपलं आपण ओढून घेतं. घरात वापरायचंय तर स्वस्तातलं पुरे, असं तो बिचारा परोपरीनं सांगत होता. पण नाना पडले जन्माचे पाणीवाले. "घरच्या टाकीचा काय भरवसा? मला डायरेक्ट मेन लाइनचं कनेक्शन पाहिजे," म्हणाले आणि तिन्ही महागातली घेऊन आले. मग दर रविवारी ते आपल्या घरून एक प्रकरण सोडायचे आणि ते तिन्ही घरी पोचायचं.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या लाइनीतून उलट्या दिशेनंही काहीतरी वाहत होतं. कोणी किती वाचलं, ते नानांच्या स्वतःच्या यंत्रावर दिसायचं. हे तराजूला कळलं ते नाना एकदा फोनवर कौतुकानं "साडेचार टक्के! उत्तम सुरुवात आहे!" म्हणाले तेव्हा. पुढच्या रविवारी नाना म्हणाले, "अजून साडेचारच?" त्याच दिवशी तराजूनं यंत्राच्या कोपऱ्यातलं विमानाचं चित्र दाबलं. ते दाबलं की यंत्राचा जगाशी संबंध तुटतो. संसारी माणसाला असं एखादं चित्र दाबायला मिळणं ही केवढी सोय आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. कादंबरीचा नायक तरुण इंजिनिअर. तो पहिल्याच पानावर जमिनीखालच्या झडपांच्या खोलीत उतरतो आणि तिथे झडपा बघत बसतो. झडपा किती प्रकारच्या असतात, कशा गंजतात, कोणती डावीकडे फिरवायची, कोणती उजवीकडे, डावीकडची उजवीकडे फिरवली तर काय अनर्थ होतो! तराजूनं इमानेइतबारे पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी नायक खोलीत आणि तराजू झोपेत. एकदा तर यंत्र हातातून सुटून नाकावर आपटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे विचारत होते, कुठल्या दुकानदारानं ठोसा मारला म्हणून. आणि बायकोनं बापाला आधीच सांगून ठेवलेलं, "बाबा, घरात यंत्र एकच आहे ना, आधी हे वाचतील, मग मी." बाई मोठी वस्ताद.

तर नानांनी भानगड विचारली आणि साबणातून तराजू बोलून गेला, "नाना, इथे रेंजच नाही हो."

"पण जावईबापू, तुम्ही माझ्याशी मोबाइलवरच बोलताय ना?"

रेझर जागच्या जागी थबकला. पण सरकारी नोकरीत केस पांढरे केलेला माणूस असा हार जातोय होय? "बोलणं हलकं असतं, नाना. पुस्तक जड. तेवढं चढत नाही."

"अगदी बरोबर!" नाना खूश झाले. "पाणी चढतं, गाळ चढत नाही. प्रेशर कमी पडतंय तुमच्याकडे. तुम्ही मुळीच काळजी करू नका. मी येतो." आपण आपल्याच कादंबरीला गाळ म्हणून बसलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांच्या आवाजाला कधी नव्हे तो खात्यातला जुना जोर चढला होता.

फोन ठेवला तर दारात बायको उभी. "शाबास," ती म्हणाली. "आता बाबा येणार, यंत्र चालू करणार, आणि तुमचे ते साडेचार टक्के बघणार. अहो, आई गेल्यापासून त्यांना एवढं एकच व्यवधान आहे. कुणी वाचत नाही हे कळलं तर ते तुम्हाला चकार शब्द बोलणार नाहीत, पण लिहायचं सोडून देतील. आणि मग काय करतील दिवसभर? नुसते भिंतीकडे बघत बसतील. त्यांचं लिहिणं बंद पडलं, तर गाठ माझ्याशी आहे."

"मग तू वाच ना!"

"मी? मला साडेचारसुद्धा जमणार नाहीत," असं म्हणून ती आत गेली.

आता एकच उपाय उरला. नाना येऊन विमानाचं चित्र तर आधी काढतीलच. तेव्हा यंत्र चालू असूनही त्याला रेंज मिळणार नाही अशी जागा हुडकून ठेवायची. लोक फोन उंच धरून रेंज शोधत फिरतात. तराजू आपला मोबाइल खाली धरून, जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, बंद लिफ्टमध्ये, रेंज नाही कुठे ते शोधत फिरू लागला. पण नको तिथे रेंज! जिन्याखालच्या अडगळीत, जिथे झुरळसुद्धा जायला नाखूश, तिथेही भरपूर.

समोरच्या दारातला शेजारी ऑफिसचं काम घरूनच करायचा, म्हणून त्याला सगळे घरबशा म्हणत. त्यानं तराजूला जिन्यात वाकलेलं पाहिलं. "काय साहेब, रेंज शोधताय?"

"नाही. रेंज नसलेली जागा शोधतोय."

त्यावर हसणं राहिलं बाजूला, घरबशानं त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "कुणाला सांगितलंत?"

"सासऱ्यांना."

"मी बॉसला सांगतो. मीटिंगमध्ये नको तो प्रश्न आला की माझी रेंज जाते." घरबशानं आपुलकीनं पाणी दिलं आणि एखाद्या मुरलेल्या वकिलासारखा सल्ला द्यायला बसला. पानं भराभर उलटून शेवट गाठू का, असं तराजूनं विचारलं, तर म्हणाला, "छे! कुठल्या पानावर किती वेळ होतात तेही कळवतं ते. यंत्र कसलं, सासूच ती. आणि ते विमान तर अजिबात नको, विमान पकडलं जातं. स्टीलचा डबा घ्या, जाडजूड. झाकण घट्ट. आत यंत्र चालू राहील, पण त्याला बाहेरचं काही कळणार नाही. आणि बाहेर काढलं तरी रेंज धरायला त्याला जरा वेळ लागतोच. तेवढ्यात दाखवायचं आणि पुन्हा आत."

बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळपर्यंत गॅलरीवाल्या काकू येऊन गेल्या. नणंदेचा फोन आला की काकू गॅलरीत जाऊन "ऐकू येत नाही गं, ऐकूच येत नाही," असं ओरडायच्या. इतक्या मोठ्यानं, की तेवढं सबंध गल्लीला ऐकू जायचं. मागोमाग इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांचा फोन तर तक्रार घेऊन कुणी लावला की हटकून रेंजच्या बाहेर असायचा. थोडक्यात, इमारतीत रेंज नव्हती असं नाही. ती कुणालाच नको होती. आपण एकट्यानंच पाप केलेलं नाही हे कळल्यावर तराजूला जरा बरं वाटलं आणि तो पोटभर जेवला.

नाना आले ते हत्यारांची पिशवी, बॅटरी आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊनच. दारातच म्हणाले, "यंत्र कुठाय?" तराजू स्वयंपाकघरात धावला, पिठाच्या डब्यातून यंत्र काढलं, सदऱ्याला पुसलं आणि समोर धरलं. पडद्यावर कोपऱ्यात नुसता टिंबांचा खेळ. रेंज नाही.

"असं आहे तर," नाना म्हणाले. मग चष्मा वर करून, "याच्या खाचेत हे पांढरं काय?"

"पीठ," तराजूची जीभ घसरली.

"बाबा, मी स्वयंपाक करता करता वाचते ना," बायकोनं बाजू सावरली.

"तू वाचतेस?" नानांचा चेहरा असा काही उजळला, की तराजूला तिकडे बघवेना. "कुठवर आलीस?"

आता बायकोची बोबडी वळली. "त्या... झडपांपर्यंत."

"डावीकडच्या की उजवीकडच्या?"

"बाबा, दूध उतू जातंय," म्हणून ती आत पळाली. दूध फ्रिजमध्ये होतं.

त्या दिवसापासून घराला घरपण राहिलं नाही. नानांच्या स्वतःच्या मोबाइलचं आणि यंत्राचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं, तेवढंच नशीब. त्यांनी यंत्रातल्या कार्डाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, आमच्या नकाशाप्रमाणे आपल्या भागात कव्हरेज उत्कृष्ट आहे.

"बाई, नकाशात पाइप काढला म्हणजे नळाला पाणी येतं का?"

"सर, मी समजू शकते. आपण रेंज नसल्याचा फोटो काढून आमच्या कंपनीच्या नेटवर्कवरूनच पाठवा."

"रेंज नसताना तो जाणार कसा?"

"रेंजमध्ये येऊन पाठवा, सर."

"रेंजमध्ये आलो तर फोटोत रेंज दिसेल की!"

"सर, मी समजू शकते," मुलगी म्हणाली आणि गाणं लागलं. नानांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. खात्यात असताना लोक त्यांनाही असेच फोन करायचे, त्यामुळे त्यांना मुलीचा राग आला नाही.

मग त्यांनी स्वतःचा सिद्धान्त मांडला. रेंज मेन लाइनपर्यंत येतेय, पण इमारतीत कुणीतरी मोटर लावून ती ओढतंय. नाना दारोदार हिंडले. प्रत्येक घरात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे येते का हो?" आणि प्रत्येक घरानं मान हलवली, "छे हो, थेंबभर नाही." घरबशाच्या मागे संगणकावर मीटिंग चालू होती, ती त्यानं उशीखाली दाबली. काकू तर रडायच्याच बाकी होत्या. नानांनी सगळ्यांचे मोबाइल बंद करवून गच्चीवर प्रेशर-टेस्ट घेतली. ऐन वेळी यंत्राची बॅटरी संपवून ठेवण्याची युक्ती तराजूला सुचली म्हणून निभावलं.

पण लोकांचे हाल बघून नानांचं काळीज पिळवटलं. "एवढी माणसं, आणि एकाला रेंज नाही! आणि कुणी तोंड उघडत नाही!" त्यांनी अर्ज लिहिला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सही नाही म्हणावी तर रेंज आहे म्हटल्यासारखं होणार. सगळ्यांनी पाचावर धारण बसलेल्या चेहऱ्यानं सह्या केल्या. नाना तो अर्ज घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून साहेब जेवायला गेलेत म्हणून बाकावर. दुसरा कुणी कंटाळून परत आला असता. नाना उलट ताजेतवाने होऊन आले. "माणूस येतोय मीटर घेऊन," म्हणाले.

माणूस आला तेव्हा गच्चीवर अख्खी इमारत हजर होती. सेक्रेटरींनी लिफ्ट बंद आहे म्हणून सांगून पाहिलं, तर तो जिन्यानं चढला. काकूंनी त्याला चहा पाजला, तोही त्यानं चटकन संपवला. मग पेटीतून मीटर काढला, चालू केला, आणि काटा असा काही उजवीकडे झोपला की उठेचना.

"फुल्ल आहे," तो म्हणाला. "एवढी रेंज तर आमच्या ऑफिसात नाही."

सगळ्यांची तोंडं गोरीमोरी झाली. तेवढ्यात घरबशाला बुद्धी झाली. "मीटर बिघडलेला असेल! आमच्याकडे वजनमापेवाले साहेब आहेत की. साहेब, तपासा तुम्ही!"

"हो, हो, साहेबांनीच तपासावा," काकू नि सेक्रेटरी एकदम म्हणाले. आणि नाना जावयाकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही सांगाल ते खरं."

तराजूच्या हातात मीटर आला. नुसतं 'सदोष' एवढं एक वाक्य. इमारत वाचणार होती, नानांची कादंबरी चालू राहणार होती, बायकोशी गाठ पडणार नव्हती. त्यानं मीटर उलटा केला, शिक्का पाहिला, काटा शून्यावर आणून पुन्हा सोडला. एकदा, दोनदा. जावई म्हणून त्यानं काय काय लांड्यालबाड्या केल्या त्या केल्या, पण माप हातात आल्यावर खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना.

"मीटर बरोबर आहे, नाना."

गच्ची बघता बघता रिकामी झाली. सेक्रेटरींना अचानक फोन आला आणि त्यांनी तो चक्क उचललाही.

खाली घरात आल्यावर नाना म्हणाले, "यंत्र आणा." तराजूनं त्यांच्यासमोरच पिठाच्या डब्यातून ते काढलं. लपवण्यासारखं उरलंच काय होतं? टेबलावर ठेवल्यावर थोड्याच वेळात अडकून पडलेली प्रकरणं एकामागून एक येऊन पडली. नानांनी पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं, चष्मा लावला आणि बघितलं. साडेचार टक्के.

"नाना, माझं चुकलं..."

"थोरलीच्याही घरी रेंज नाही म्हणे," नाना यंत्राकडे बघत सावकाश म्हणाले. "मधलीच्याही नाही. थोरलीचं शून्य टक्के. मधलीनं तर ते खोक्यातून बाहेरसुद्धा काढलेलं नाही. तिथे मी कशाला जाऊ? मला काय कळत नाही होय? तुम्ही सगळ्यांत पुढे आहात, जावईबापू. मी म्हटलं, जो साडेचार टक्के वाचतो, त्याच्या घरी खरंच रेंज नसणार. म्हणून आलो."

तराजूला इतकी लाज उभ्या जन्मात वाटली नव्हती. दुकानदारांना आपण ज्या शब्दांत झापतो ते सगळे शब्द त्याला आठवले, आणि स्वतःला ते कमीच पडतील असं वाटलं. बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"कुठे झोप लागली?" नानांनी विचारलं.

"झडपांपाशी."

"हं. लिहिताना मलाही तिथेच लागली होती," नाना म्हणाले आणि यंत्र पिशवीत ठेवायला लागले. "जाऊ द्या. थांबवतो आता. उगाच कशाला लोकांच्या मागे..."

"नाना, ठेवू नका!" तराजू जवळजवळ ओरडलाच. "पुढे काय होतं ते सांगा. तो खोलीत उतरला. मग?"

"मग काय? वरून कुणीतरी झाकण लावून टाकतं आणि ते घट्ट बसतं. चावी आणायला माणूस जातो तो तिकडेच रमतो. तेवढ्यात गल्लीतली एक मुलगी रिकामी कळशी घेऊन भांडायला येते, पाणी का नाही म्हणून. बघते तर इंजिनिअर खाली. भांडायचं तर आहे, पण माणूस दिसत नाही. मग ती झाकणावरच बसते आणि भोकातून भांडते. दुपारभर. चावी येईपर्यंत दोघांचं भांडण संपतं, आणि तरी ती उठत नाही."

बायको पुढे आली. "बाबा, ती कळशीवाली म्हणजे आई?"

"मग काय मी झडपांवर कादंबरी लिहिली?" नाना जरा चिडूनच म्हणाले.

"आणि हे येतं कधी?" तराजूनं विचारलं.

"नवव्या प्रकरणात. आधी झडपा नकोत का समजायला?"

"नकोत!" नवरा-बायको एका सुरात म्हणाले.

मग तराजूनं बाह्या सरसावल्या. दोघे टेबलाशी बसले आणि कापाकापी सुरू झाली. नाना एकेक झडप वाचवायला जिवाच्या आकांतानं भांडले. गंजाचा भाग गेला तेव्हा जेवले नाहीत. तराजूही मागे हटला नाही, कारण आता त्याला स्वतःलाच पुढचं ऐकायचं होतं, आणि झाकणाच्या भोकातून नानी नेमकं काय काय बोलल्या ते नाना दर वेळी थोडंथोडंच आठवायचे. बायको कणीक मळता मळता "आई असं नाही म्हणायची, असं म्हणायची," करून बापाला सुधारायची. रविवारी नानांनी नवं पहिलं प्रकरण सोडलं. त्यात मुलगी कळशी घेऊन पहिल्याच ओळीत येत होती.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. नानांनी तो स्पीकरवर टाकला. "बाबा, अहो, आमच्याकडे एकदम रेंज आली बघा! मधलीकडेही आली म्हणे. पण हे काय, ती झाकणावर बसली आणि संपलंच? पुढचं सगळं पाठवून द्या ना आत्ताच्या आत्ता!"

नानांनी जावयाकडे बघितलं. चष्म्याच्या काचेआड त्यांचे डोळे कधी नव्हे ते चमकत होते.

"सगळं एकदम कसं मिळेल?" ते खात्यातल्या आवाजात म्हणाले. "एक दिवसाआड सोडणार आहे, तेही थोडा वेळ. आलं की भरून ठेवा."